माळ्यावरचा ४८६ आणि खारी हवा

प्रश्न दापोली तालुक्यातल्या एका वाचनालयाकडून आला आहे. माळा आवरताना १९९४च्या सुमाराचा एक ४८६ (त्या नावाच्या प्रोसेसरचा पीसी) सापडला. आत जिस्ट कार्ड (डॉसमध्ये देवनागरी लिहिण्यासाठीचं), सोबत काचेच्या नळीचा मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, फ्लॉप्यांचे दोन डबे, आणि निराळ्या खोक्यात एक स्पेक्ट्रम प्लस हा छोटा घरगुती कॉम्प्युटर. ‘हल्ली लोक असली मशीन हौसेने जपतात म्हणे. नव्या कॉम्प्युटरपुढे यांच्यात असं आहे तरी काय? आणि असलं तरी आमच्या हवेत ते टिकेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे आणि पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच सापडतं. त्याआधी एक विनंती: प्लग लावून ‘चालतो का बघू’ असं कुणालाही करू देऊ नका. वीसेक वर्षं बंद असलेलं मशीन सरळ २३० व्होल्टवर टाकलं की वाचण्यासारखं जे असतं तेही जातं.

आता ओढ कशाची ते. वेगासाठी ही मशीन कुणी ठेवत नाही. ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ आजच्या साध्या फोनच्या आसपासही नाही. पण तो एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतो. आयबीएमने १९८१च्या पीसीच्या तांत्रिक पुस्तकात सर्किटचे नकाशे आणि बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, अख्खी लिस्टिंग छापली होती. ४८६ची मूळ मांडणी त्याच घराण्यातली. स्पेक्ट्रमचा रॉम १६ किलोबाइटचा आहे आणि त्यातला बाइट न् बाइट काय करतो हे हौशी लोकांनी कधीच उलगडून ठेवलं आहे. बटण दाबलं की दोनेक सेकंदांत मशीन तयार. कीबोर्ड सेकंदाला ५० वेळा तपासला जातो, मध्ये अपडेट नाही, लॉगिन नाही, मागे चाललेली पन्नास कामं नाहीत. मशीन काय करतंय हे सांगता येतं, आणि बिघडलं तर का बिघडलं हेही शोधता येतं.

हा दुसरा भाग किनाऱ्यावर जास्त कामाचा. चिप्सचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर, बऱ्याचशा चिप्स सॉकेटमध्ये, बाकीच्या साध्या सोल्डरने बसवलेल्या. ४८६च्या बोर्डावर काही बारीक पायांच्या चिप्सही असतात, पण त्यांचे पाय निदान बाहेर दिसतात. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि भिंग एवढ्यावर बाजारपेठेतला जुना टीव्ही मेकॅनिक यातलं बरंच काम करू शकतो. आजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि कधी कधी डिस्कसुद्धा बोर्डाला कायमची जोडलेली. जोड चिपच्या पोटाखाली, दिसतही नाहीत. मीठ दोघांनाही खातं. फरक एवढाच की जुन्यात कुठे खाल्लं ते बोटाने दाखवता येतं.

मीठ नेमकं काय करतं हे कळलं की पुढची सगळी कामं आपोआप समजतात. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे बारीक कण बोर्डावर बसतात. हवा कोरडी असेपर्यंत ते निरुपद्रवी. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ ८०च्या वरच असते. त्या थरातून दोन ट्रॅकमध्ये वीज झिरपते, तांबं हिरवं पडतं, सॉकेटचे पाय काळे होतात. त्यावर जांभ्याची लाल धूळ बसली की ती ओल धरून ठेवते. म्हणून ताडपत्रीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर ठेवलेलं मशीन उघड्या ठेवलेल्यापेक्षा वाईट अवस्थेत निघू शकतं. आत कोंडलेली ओल बाहेर पडतच नाही.

काम कॅबिनेट उघडण्यापासून सुरू होतं. आधी फोटो काढा: प्रत्येक वायर, प्रत्येक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी), कार्डं कुठल्या स्लॉटमध्ये आहेत ते. कुंभारमाशीने पोर्टमध्ये किंवा पंख्याच्या जाळीत मातीची घरटी केलेली असतात. ती कोरडी असतानाच लाकडी काडीने काढा. पॉवर सप्लायमध्ये मेलेली पाल सापडणं अगदी नेहमीचं आहे.

पॉवर सप्लाय मदरबोर्डापासून पूर्ण सोडवा. एटी प्रकारच्या सप्लायमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात, म्हणजे बटणाच्या मागच्या पिनांना हात लागला तर घरातल्या बोर्डाला हात लावल्यासारखंच. सप्लाय उघडलात तर आतले दोन मोठे कपॅसिटर मिळून ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज धरतात. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, १० किलोओम ५ वॅटचा रेझिस्टर लावून चार्ज उतरवा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. मेन्सच्या तोंडाशी पारदर्शक पिवळसर ठोकळ्यासारखा कपॅसिटर दिसला आणि त्यावर बारीक तडे असले, तर तो न तपासता बदला. आतल्या कागदाने तड्यांतून ओल प्यायलेली असते. मशीन चालू करून दहा मिनिटांत जो पांढरा, उग्र वासाचा धूर निघतो तो बहुतेकदा याचाच. बदली कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ‘एक्स२’ छापलेला आणि २७५ व्होल्ट एसी किंवा वरचा हवा. साधा ४०० व्होल्ट डीसीचा लावून चालणार नाही. तो बिघडताना शॉर्ट होऊन आग लावू शकतो.

पहिली चाचणी सिरीज दिव्यावर. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सप्लायच्या फेज वायरमध्ये सिरीजने घ्या. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेजस्वी पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. हे जुने सप्लाय भाराशिवाय सुरूच होत नाहीत, म्हणून लाल वायरवर ५ ओम १० वॅटचा रेझिस्टर आणि पिवळ्यावर गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५, पिवळ्यावर साधारण १२, निळ्यावर उणे १२ आणि पांढऱ्यावर उणे ५ दिसलं पाहिजे. सप्लाय सिरीज दिव्यावर अडखळत असेल आणि दिवा मंदच असेल, तर तो थेट मेन्सवर घेऊन मोजा, पण बोर्ड न जोडता. नंतर बोर्डाला जोडताना दोन सहा-सहा वायरींचे कनेक्टर एकमेकांशेजारी बसतात. चारही काळ्या वायरी मध्ये आल्या पाहिजेत. ते उलटे बसतात, आणि तसे बसवले तर बोर्ड गेला.

आता या मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू. तो समुद्र नाही. कीबोर्डच्या सॉकेटजवळची पिंपासारखी निळी किंवा हिरवी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती फुटते आणि आतला अल्कली बाहेर येऊन आसपासचे ट्रॅक खातो. जवळच कीबोर्ड कंट्रोलर असल्याने पहिला बळी बहुधा तोच. एएमआय बायोस असेल तर सहा बीप म्हणजे तिकडची तक्रार. (तीन बीप मेमरीचे, आठ बीप डिस्प्ले कार्डाचे.) बॅटरी कापून काढा, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा. फेस येईल, तो थांबला की डिस्टिल्ड पाण्याने धुवा. देवाची भांडी आमसुलाने लखलखतात म्हणून बोर्डावर आगळ ओतण्याची कल्पना कुणाला सुचली तर थांबवा. आगळात मीठ असतं. लिंबूही नको, चिकट राहतो.

मग भिंगाखाली बघा. बोर्डावरचं हिरवं आवरण काळं किंवा फुगलेलं दिसेल तिथे ते हलकेच खरवडून तांबं चमकतं का बघा. प्रत्येक संशयित ट्रॅकची कंटिन्युटी दोन्ही टोकांना तपासा. डोळ्यांना अखंड दिसणारा ट्रॅक छिद्राशी तुटलेला असतो, हे वारंवार होतं. तुटलेल्या जागी ३० गेजची बारीक वायर टाका आणि शेवटी उघड्या तांब्यावर पीसीबी लॅकर किंवा रंगहीन नेलपॉलिश लावा. नव्या बॅटरीसाठी जवळच चार पिनांचा बाहेरच्या बॅटरीचा कनेक्टर असतो. तो वापरा आणि बोर्डावर तसा जंपर बदला. जुन्या जागीच सीआर२०३२ बसवायची असेल तर १एन४१४८ डायोड सिरीजमध्ये हवाच, नाहीतर बोर्ड त्या सेलला चार्ज करू लागेल आणि लिथियम सेल फुटू शकेल. काही बोर्डांवर बॅटरीऐवजी ‘डलास’ लिहिलेला काळा ठोकळा असतो. त्याच्या पोटातला सेल केव्हाच संपलेला असतो. नवा ठोकळा किंवा त्याची सुधारित प्रत मिळते.

बोर्ड धुण्याविषयी गैरसमज फार. बहुतेक जण थेट आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन बसतात. अल्कोहोलने तेल आणि फ्लक्स निघतं, मीठ जवळजवळ विरघळतच नाही. मीठ काढायचं तर पाणीच हवं, आणि ते विहिरीचं नको. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, म्हणजे मीठ काढायला पुन्हा मीठ. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. एका बोर्डाला तीन लिटर पुरतं. बॅटरी, सॉकेटमधल्या चिप्स आणि मेमरी काढून ठेवा. पहिल्या पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाका आणि मऊ ब्रशने हळू घासा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. त्यानंतर ९९ टक्के अल्कोहोलची अंघोळ घाला, म्हणजे उरलेलं पाणी निघून जाईल. सॅनिटायझर त्या जागी नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पंख्याखाली पूर्ण दोन दिवस वाळवा, पावसाळ्यात चार. चालू करायची घाई करणाऱ्यांचे बोर्ड जातात ते मुख्यतः सॉकेटखाली राहिलेल्या पाण्याने.

पुरात बुडालेल्या मशीनला हाच क्रम, एका फरकाने. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तशा पुरानंतर लोक सगळं आधी उन्हात ठेवतात. गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो. म्हणून ओलं असतानाच स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा, मग डिस्टिल्ड पाणी. हार्ड डिस्क मात्र उघडायची नाही आणि चालूही करायची नाही.

मेमरी आणि कार्डांचे सोनेरी दात मऊ खोडरबराने एकाच दिशेने पुसा, भुगा झटका, अल्कोहोलचा बोळा फिरवा. जोर लावू नका, सोन्याचा थर फार पातळ असतो. ३० पिनांच्या मेमरी पट्ट्या ४८६मध्ये चारच्या पटीत लागतात. सॉकेटमधल्या चिप्स तापण्या-थंड होण्याने वर सरकतात, त्या दाबून बसवा. निम्मी ‘मेलेली’ मशीन एवढ्यावर उठतात.

जिस्ट कार्डावर खिडकीच्या ईपीरॉम (अतिनील प्रकाशाने पुसल्या जाणाऱ्या) चिप्स असल्या तर खिडकीवरचं स्टिकर काढू नका. स्वस्त प्रोग्रॅमरने त्यांची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा. हे कार्ड पुन्हा मिळणं अवघड आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे तंत्र पुण्याच्या सी-डॅकने घरोघरच्या पीसीपर्यंत आणलं, आणि डॉसमधल्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी लिहिता येऊ लागली. मला विचाराल तर तुमच्या खोक्यातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच.

हार्ड डिस्क एकदाच चांगली फिरेल असं धरून चाला. पहिल्याच बूटला मजकूर उतरवायची तयारी हवी. बाजारातले यूएसबी अडॅप्टर इतक्या जुन्या डिस्क बहुधा ओळखत नाहीत, कारण त्यांना एलबीए (सेक्टरना सरळ क्रमांक देणारी) पद्धत लागते आणि या डिस्क सिलिंडर-हेड-सेक्टर पद्धतीवर चालतात. म्हणून ४८६मध्येच दुसरी डिस्क म्हणून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई अडॅप्टरवर लावा आणि डॉसमधून उतरवून घ्या. कार्ड ५१२ मेगाबाइटपर्यंतचं घ्या. जुन्या बायोसची मर्यादा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट. त्याहून मोठं कार्ड लावलं तर वरचा भाग दिसणार नाही किंवा बूटच अडकेल. पुढे तेच कार्ड कायमची डिस्क म्हणून वापरा. आवाज नाही, उष्णता नाही, आणि गंजणारी मोटर नाही.

फ्लॉप्यांना घाई नको. आपल्याकडे त्यांच्यावर बुरशी येते. खिडकी सरकवून चकती हाताने फिरवा आणि तिरप्या उजेडात बघा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला चिकटते, थर खरवडला जातो, आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्याही तोच हेड खराब करतो. सव्वापाच इंची असेल तर पाकिटाची वरची कड कापून चकती बाहेर काढा, साबणाच्या एका थेंबाच्या डिस्टिल्ड पाण्यात बोटांनी हलकेच धुवा, स्वच्छ पाण्यात बुडवा, सावलीत वाळवा आणि कोऱ्या पाकिटात घाला. साडेतीन इंचीचं कवच जपून उघडावं लागतं. प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हेड अल्कोहोलने पुसा. वाचण्याआधी लिहिणं बंद करा: साडेतीन इंचीत भोक उघडं ठेवून, सव्वापाचमध्ये खाच झाकून. ड्राइव्हच्या पट्ट्यांवरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. साधा ड्राइव्ह न वाचणाऱ्या फ्लॉपीसाठी ग्रीझवीझल नावाचं छोटं यूएसबी बोर्ड घ्या. ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतं, आणि त्यातून मजकूर नंतर सावकाश काढता येतो.

मजकूर उतरला तरी तो वाचता येईलच असं नाही. जिस्टवर लिहिलेल्या फाइल बहुधा इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संकेतात असतात. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने येतात: ‘कि’ म्हणजे १७९ आणि मग २१९. विंडोजच्या काळातल्या फॉन्टवर टाइप केलेल्या मजकुरात वेलांटी जशी दिसते तशी आधी, क नंतर. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) दोन ओळी बघितल्या की कुठला प्रकार ते कळतं. इस्कीचं युनिकोड एका सरळ तक्त्याने होतं. फॉन्टवाल्या मजकुराला त्या त्या फॉन्टचा स्वतंत्र तक्ता लागतो, आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, विशेषतः रफार. वाचनालयाची जुनी इतिवृत्तं किंवा ग्रंथसूची असेल तर प्रत काढून माणसाने एकदा वाचणं हाच उपाय.

मॉनिटर चालू केल्यावर फुसफुस आवाज आणि ओझोनचा वास आला तर लगेच बंद करा. एलओटीच्या (नळीला उच्च दाब पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) टोपीभोवती मीठ-धुळीचा थर साचून उच्च दाबाची वीज झिरपते आहे. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही नळीत राहतात, म्हणून हे काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडेच द्या. त्याला ते पाठ असतं.

स्पेक्ट्रम प्लसला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि त्याची मधली पिन उणे असते. आजचे बहुतेक अडॅप्टर उलटे. चुकलात तर रेग्युलेटर आणि त्यापुढचं बरंच काही जातं. पुण्याच्या डेसिबेल्सने १९८६पासून इथे जुळवून विकलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ असेल तरी आतला बोर्ड तोच. पहिल्या १६ किलोबाइटच्या ४११६ या मेमरी चिप्सना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ला उणे ५, पिन ८ला १२, पिन ९ला ५. उणे ५ नाहीसं होऊन १२ चालू राहिलं तर त्या चिप्स मरतात, तेव्हा आधी मोजा, मग पुढे जा. कीबोर्डच्या आतली पारदर्शक पट्टी वयाने कडक होऊन तुटते. ती दुरुस्त होत नाही, नवीच घ्यावी लागते. झेड८० प्रोसेसर मात्र सहसा जात नाही. झिलॉगने १९७६पासून बनवलेली ही चिप विकणं २०२४मध्ये थांबवलं, पण जुना साठा मुबलक आहे.

फक्त जुने खेळ खेळायचे असतील तर यातलं काहीच करू नका. डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्स हे जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम आजच्या लॅपटॉपवर बसवा आणि मोकळे व्हा. खरं यंत्र लागतं ते जिस्ट कार्डासाठी, जुन्या फ्लॉप्यांसाठी, डॉट मॅट्रिक्सच्या कार्बन प्रतींसाठी, आणि उघडून शिकायला. इंटरनेटवर ते नेऊ नका, आजच्या सुरक्षित संकेतस्थळांशी त्याला बोलताच येत नाही. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पेरॉक्साइडने पांढरं करायचा सध्या छंद आहे. पिवळेपणा कालांतराने परत येतो आणि उपचार जास्त झाला तर प्लॅस्टिक ठिसूळ होतं. तो पिवळा रंग राहू द्यावा.

ठेवणीसाठी रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, ५० लिटरला अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल, आणि आत छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५०च्या मध्ये राहिला पाहिजे. ६०च्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवायचं. कॅबिनेट डब्यात मावत नसेल तर पंचधातूच्या मूर्ती नि कॅमेरे ठेवतात तसं दाराचं कपाट घ्या आणि तळाशी ४० वॅटचा फिलामेंटचा दिवा लावा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मशीन तासभर चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल निघते. वीज कडाडत असेल तेव्हा स्विच नव्हे, प्लगच काढा. कातळावरच्या घरांत अर्थिंग उन्हाळ्यात फारच कमजोर असतं. आणि बायोसमधले हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. नवा सेलही कधीतरी संपेल, तेव्हा हा कागद लागेल.